दुहेरीतला माणूस – कोर्टवरून कचेरीकडे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडाफार नीटनेटका केला आहे.)





यंदा व्याख्यानासाठी माझं नाव निघालं, तेव्हा चिटणीसांना वाटलं की मी इंजिनावर बोलणार. त्यांनी तसा फलकही लिहून ठेवला होता. पण इंजिनावर मी सकाळी आठपासून बोलतच असतो आणि ऐकणारे निम्मे लोक इथेच बसले आहेत. त्यांना सणासुदीला तरी सुट्टी द्यावी म्हणून मी वेगळा विषय घेतला. विषय टेनिसचा आहे, आणि त्यातही दुहेरीचा. आणि दुहेरीतही, खेळ थांबल्यावर जे खेळाडू टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले, म्हणजे खेळाचा कारभार पाहू लागले, त्यांचा.

हा विषय माझ्या घरातून आला, हे सांगून टाकतो. आमची धाकटी यंदा अकरावीला आहे. ती बॅडमिंटन खेळते, तेही दुहेरी. जिल्ह्याच्या संघात आहे. तिच्या आईचं म्हणणं, आता दोन वर्षं रॅकेट माळ्यावर ठेव आणि अभ्यास कर. तिच्या शिक्षकांचं म्हणणं, हीच दोन वर्षं खेळाची. मी मधे. ज्यांच्या घरी खेळणारं मूल आहे त्यांना हे ‘मधे’ म्हणजे काय ते ठाऊक आहे. एक दिवस तिने मला विचारलं, “बाबा, खेळ संपल्यावर खेळाडू काय करतात? आणि दुहेरीवाल्यांना तर खेळतानाही कोणी विचारत नाही, मग नंतर कोण विचारणार?” प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायचं तर माहिती हवी, म्हणून रविवारच्या दुपारी बसून वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज आपल्यासमोर मांडतो.

आधी दुहेरी म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण इथे क्रिकेटचे जाणकार जास्त आहेत. टेनिसचं कोर्ट ७८ फूट लांब असतं. एकेरीला त्याची रुंदी २७ फूट, दुहेरीला ३६ फूट. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. माणसं दुप्पट झाली, पण मैदान दीडपटसुद्धा झालं नाही. म्हणजे जागा कमी आणि चेंडू परत येण्याचा वेळही कमी. त्यामुळे ताकदीपेक्षा जागा धरण्याला, जाळीजवळच्या हातचलाखीला आणि जोडीदाराच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याला महत्त्व येतं. जोडीदार मागे सर्व्हिस करतोय, मी जाळीशी पाठमोरा उभा आहे, तो कुठे मारणार हे मला मागे वळून न पाहता ठाऊक हवं. म्हणून ते पाठीमागे हात नेऊन बोटांच्या खुणा करतात.

आपल्या लोकांना हे इंजिनाच्या भाषेत लवकर कळेल. (फलक वाया जायला नको!) दोन इंजिनं एकत्र लावण्याचे दोन प्रकार. एक, पुढे दोन इंजिनं जोडायची, मधे जंपर केबल टाकायची आणि दोन्ही एकाच कॅबमधून चालवायची. मागचं इंजिन पुढच्याचं मुकाट ऐकतं. दुसरा प्रकार आपण सगळ्यांनी मुंबई-पुणे प्रवासात पाहिला आहे. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर लागतात आणि खंडाळ्याचा घाट चढतात. तिथे ३७ फुटांत एक फूट चढ आहे. पुढच्या इंजिनात एक ड्रायव्हर, मागे बँकरवर दुसरा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. मागच्याने जास्त रेटलं तर मधले डबे दाबले जातात, कमी रेटलं तर गाडी ओढली जात नाही. टेनिसची दुहेरी ही अशी बँकरची जोडी आहे. दोन डोकी आणि एक गाडी. लोणावळ्याला बँकर काढून घेतात, गाडी पुण्याला जाते, आणि बँकरचा फोटो कोणी काढत नाही.

पैशाचंही तसंच. २०२४ च्या विम्बल्डनचा हिशोब सांगतो. एकेरीच्या विजेत्याला २७ लाख पौंड. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ६ लाख ५० हजार, म्हणजे माणशी सव्वातीन लाख. एकेरीच्या जवळजवळ आठवा हिस्सा. २००५ मध्ये तर टेनिसच्या व्यावसायिक संघटनेने दुहेरीचे नियम बदलून सामने छोटे करायला घेतले, आणि दुहेरीचे खेळाडू चक्क कोर्टात गेले. या कोर्टात नव्हे, वकिलांच्या. पुढे तडजोड होऊन तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक आला, तो नेहमीच्या दौऱ्यावर आजही आहे. विम्बल्डनची पुरुष दुहेरी पाच सेटची होती, तीही २०२३ पासून तीन सेटची झाली. दुहेरीवाल्याला खेळाच्या दुनियेत जे स्थान आहे ते पाहून मला आम्हा डिप्लोमावाल्यांची आठवण होते. इंजिन उभं करताना सगळे विचारतात, उद्घाटनाच्या फोटोत मात्र दुसऱ्या रांगेत. असो. मागे बसलेले डिप्लोमावाले टाळ्या वाजवतायत, बाकीच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आता माणसांकडे येतो. सुरुवात आपल्या घरातून, म्हणजे सांगलीतून.

नंदू नाटेकर. जन्म १२ मे १९३३, सांगली. पन्नाशी-साठीच्या पुढच्या मंडळींना हे नाव सांगायला नको. पण थोड्यांना माहीत असेल की नाटेकर आधी टेनिस खेळत. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५४ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय तो. एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी सहा वेळा मिळवलं. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्या यादीत बॅडमिंटनसाठी नाटेकरांचं नाव होतं, आणि टेनिससाठी कोणाचं? रामनाथन कृष्णन यांचं! ज्याच्यापुढे हरून एक जण खेळ बदलतो, त्याच्याच शेजारी दहा वर्षांनी त्याचं नाव छापून येतं. त्याच यादीत फुटबॉलसाठी पी. के. बॅनर्जी होते, आणि ते आपल्या पूर्व रेल्वेचे. रेल्वेवाल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात गेले. त्यांचा मुलगा गौरव. वडिलांनी सोडलेला खेळ मुलाने धरला, तो टेनिसपटू झाला. राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, डेव्हिस चषकात भारताकडून खेळला. पण मी त्याला आज बोलावलंय ते १९९४ साठी. त्या वर्षी जपानमध्ये हिरोशिमाला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. एवढ्या मोठ्या देशाला सुवर्णपदकं किती मिळाली? फक्त चार. एक कबड्डीचं, एक नेमबाज जसपाल राणाचं, आणि उरलेली दोन टेनिसची. त्यातलं एक पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचं आणि दुसरं पुरुष दुहेरीचं. दुहेरीची जोडी होती लिएंडर पेस आणि गौरव नाटेकर. १९९६ मध्ये गौरवलाही अर्जुन पुरस्कार मिळाला. बाप आणि लेक दोघेही अर्जुन विजेते, दोन वेगळ्या खेळांत.

आता विचारा कोणालाही, लिएंडर पेसचा दुहेरीतला जोडीदार कोण? उत्तर येईल, महेश भूपती. बरोबरच आहे. पण हिरोशिमाचं सुवर्ण नाटेकरबरोबरचं आहे. आणि गंमत अशी की भूपतीच्या सुरुवातीलाही एक मराठी जोडीदार आहे. १९९२ मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम फेरीत खेळलेली भारतीय जोडी होती महेश भूपती आणि आपला नितीन कीर्तने. तिसऱ्या सेटमध्ये ७-९ असे हरले. दोन गेमचा फरक. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो. त्या दोघांपैकी एकाचं नाव पुढे जगभर झालं. कीर्तनेही देशासाठी डेव्हिस चषक खेळला आणि त्याने खेळ सोडला नाही, पुढे वयस्कांच्या गटातही खेळत राहिला. पण आज या मंडपात त्याचं नाव किती जणांना माहीत होतं? हात वर करा. चार. ठीक आहे.

महेश भूपतीचा जन्म १९७४ चा, चेन्नईचा. वडील कृष्णा भूपती स्वतः टेनिस शिकवणारे. महेश अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात शिकला आणि १९९५ मध्ये तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत दुहेरी जिंकला. १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. ग्रँड स्लॅम स्पर्धेत विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय. मग आलं १९९९. पेस आणि भूपती त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोचले. ऑस्ट्रेलियात हरले, फ्रेंच जिंकली, विम्बल्डन जिंकली, अमेरिकेत हरले. डेव्हिस चषकात या जोडीने लागोपाठ २४ सामने जिंकले.

आणि जोडी फुटली. पुन्हा जुळली, पुन्हा फुटली. २००१ मध्ये एकत्र येऊन फ्रेंच ओपन जिंकली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा सामना तिसऱ्या सेटमध्ये १४-१६ असा हरले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा अंतिम फेरी गाठली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी भूपतीने पेसबरोबर खेळायला नकार दिला, आणि तो सगळा वाद आपण वर्तमानपत्रात वाचला. कोणाचं चुकलं हे सांगायला मी आलेलो नाही. बँकरवर दोन वेगळे ड्रायव्हर असतात, एवढंच म्हणतो.

भूपतीचं खरं वैशिष्ट्य मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. त्याची एकूण १२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत, चार पुरुष दुहेरीत आणि आठ मिश्र दुहेरीत. आणि ही मिश्र दुहेरीची आठ पाहा. हिराकी, सुगियामा, लिखोव्हत्सेवा, मेरी पिअर्स, हंतुचोव्हा, मार्टिना हिंगिस आणि दोनदा सानिया मिर्झा. सात वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर! भाषा वेगळी, देश वेगळा, खेळण्याची पद्धत वेगळी. पंधरा दिवस एकत्र यायचं, एकमेकांचं काम ओळखायचं, जिंकायचं आणि पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या कोणाबरोबर उभं राहायचं. शॉपमध्ये माणसं सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा, हे किती अवघड आहे. मला वाटतं त्याच्या पुढच्या धंद्याचं बी इथेच आहे. एकेरीच्या खेळाडूला आयुष्यभर सगळे त्याचं ऐकतात, अशी सवय लागते. दुहेरीवाला रोज वाटाघाटी करत असतो.

तर धंदा. २००२ मध्ये भूपतीने ग्लोबोस्पोर्ट नावाची कंपनी काढली. वय २८, खेळ ऐन भरात, त्याच वर्षी अमेरिकन ओपनची दुहेरी जिंकली होती मॅक्स मिर्नीबरोबर. म्हणजे खेळ संपल्यावर काय, याची वाट पाहत तो बसला नाही. अशी कंपनी काय करते? खेळाडूने खेळायचं. त्याचे जाहिरातीचे करार, प्रवास, प्रायोजक, करांचा हिशोब, पत्रकार, हे सगळं कंपनीने पाहायचं आणि मिळकतीतला ठरलेला हिस्सा घ्यायचा. सानिया मिर्झाचं काम ग्लोबोस्पोर्टने पाहिलं. क्रिकेट सोडून इतर खेळाडूंच्या मागे असा माणूस उभा राहणं आपल्याकडे तोवर नवीनच होतं. खेळाडू स्वतःच रिझर्व्हेशनच्या रांगेत उभा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्याच्या नावाच्या टेनिस अकादम्याही निघाल्या, आणि त्यांच्या कारभारात काही वर्षं प्रमुख म्हणून होता गौरव नाटेकर. पेसचा जुना जोडीदार पेसच्या जोडीदाराच्या कचेरीत! एका टायर कंपनीच्या पैशावर त्यांनी एक योजना आखली होती, नाव ‘मिशन २०१८’. लक्ष्य असं की २०१८ पर्यंत एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा भारतीय घडवायचा. २०१८ उजाडलं आणि गेलं, तसा खेळाडू झाला नाही. लोक हसले असतील. मला मात्र तारीख घालून काम हाती घेणाऱ्या माणसाबद्दल आदर आहे. आमच्याकडे ओव्हरहॉलची तारीख इंजिनाच्या अंगावर रंगवलेली असते. ती चुकली तर सगळ्या जगाला दिसते. तारीखच न रंगवणाऱ्यांची चूक कधीच दिसत नाही.

गौरव नाटेकरने पुढे स्वतःची कंपनी काढली, नाटेकर स्पोर्ट्स अँड गेमिंग. खेळाचं शिक्षण, क्रीडासुविधा चालवणं, स्पर्धा भरवणं अशा प्रकारची ही कामं. आपल्याला हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण जरा डोळ्यांसमोर आणा. कोर्टचा पृष्ठभाग कधी घासायचा, दिवे किती उंचीवर लावायचे, चेंडूंचे डबे किती मागवायचे, प्रशिक्षकांचे पगार कुठून काढायचे, पालकांची समजूत कोणी घालायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात कठीण असणार, हे मी स्वतः पालक म्हणून सांगतो.

भूपतीची सगळ्यात मोठी उडी म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रीमियर टेनिस लीग. २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम. मनिला, सिंगापूर, दिल्ली आणि दुबई, असा पहिल्या वर्षी दौरा. डिसेंबर २०१४ मध्ये रॉजर फेडरर दिल्लीत खेळला, भारताच्या संघातून! एक सेट फक्त सहा गेमचा, सर्व्हिसला घड्याळ लावलेलं, मधे मोठ्याने संगीत. खरं सांगायचं तर तो धांगडधिंगा मला रुचला नाही. टेनिस पाहताना खोकलासुद्धा दाबून ठेवायचा, अशा संस्कारातले आम्ही. पण आमच्या कॉलनीतली पोरं दूरदर्शनसमोर चिकटून बसली होती, हेही खरं. तिसऱ्या हंगामात फेडरर आणि सेरेना विल्यम्स आलेच नाहीत, पैशाचं गणित बसेना, नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी त्यात आडवी आली, आणि त्यानंतर ही लीग झाली नाही. ज्याने कोर्टवर जगातले उत्तम जोडीदार जमवले, त्याला कोर्टबाहेर तेवढे पक्के जोडीदार मिळाले नाहीत, असं मला वाटतं. खेळात चेंडू रेषेच्या आत की बाहेर ते लगेच कळतं. धंद्यात ते कळायला तीन वर्षं लागतात.

यानंतर तो डेव्हिस चषकाचा न खेळणारा कर्णधार झाला, २०१७ ते २०१९. पाकिस्तानबरोबरची लढत इस्लामाबादला खेळायची की नाही यावर वाद झाला, त्यात कर्णधारपद गेलं, आणि लढत शेवटी कझाकस्तानात झाली. नंतर तो पुन्हा क्रीडा कंपन्यांच्या कारभारात आला. हे सगळं मी मुद्दाम सांगतोय, कारण खेळाडूची कारकीर्द म्हटलं की आपण फक्त ट्रॉफ्या मोजतो. या माणसाच्या कारकिर्दीचा दुसरा डाव पहिल्याइतकाच लांब आहे, आणि त्यात हार-जीत दोन्ही आहे.

महाराष्ट्रातल्या कारभाराबद्दल एक गोष्ट सांगतो, मग आपल्या बनारसकडे येतो. चेन्नईला वर्षानुवर्षं होणारी एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्याला बालेवाडीत आली आणि महाराष्ट्र ओपन झाली. बालेवाडीचं संकुल म्हणजे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. २०१९ मध्ये इथे एकेरी जिंकली केव्हिन अँडरसनने, आणि त्याच वर्षी दुहेरी जिंकली रोहन बोपण्णा आणि दिविज शरण या भारतीय जोडीने. २०२२ मध्ये पुन्हा बोपण्णा, या वेळी रामकुमारबरोबर. २०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यात झाली नाही. पाच हंगाम भरली. आठवडाभराच्या अशा स्पर्धेसाठी चेंडू उचलणारी मुलं, रॅकेटच्या तारा ओढणारे कारागीर, गाड्या, हॉटेलं, डॉक्टर, अशी शेकडो माणसं लागतात. त्यातला कोणीही दूरदर्शनवर दिसत नाही. आमच्या पोरीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “तारा ओढायलाही शिकावं लागतं?” लागतं. आणि चांगल्या तारा ओढणारा माणूस मोठ्या खेळाडूंबरोबर जगभर फिरतो.

आता बनारस. आपल्याकडे टेनिसचा चॅम्पियन झाला नसेल, पण खेळाडूचा अधिकारी झालेला आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. मोहम्मद शाहिद. याच शहरातला मुलगा, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, ज्याच्या ड्रिब्लिंगपुढे पाकिस्तानी बचाव गोंधळायचा. हा माणूस आपल्या डीएलडब्ल्यूत क्रीडा अधिकारी होता. (नाव २०२० मध्ये बदलून बनारस रेल इंजन कारखाना झालं, पण आपल्या तोंडी डीएलडब्ल्यूच राहणार.) २० जुलै २०१६ ला ते गेले. कारखान्यातल्या जुन्या लोकांना ते साध्या कपड्यात मैदानाकडे चाललेले आठवतात. भूपतीची कंपनी आणि शाहिदभाईंची खुर्ची यांत जमीन-अस्मानाचा फरक. एकाने धोका पत्करून बाजार उभा करायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने सरकारी नोकरीत राहून पोरांना मैदान दिलं. मला दोन्हींची गरज दिसते. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांना दुसरी वाट जास्त जवळची वाटते, हे कबूल करायला हरकत नाही.

रेल्वेची ही वाट जुनी आहे. रेल्वेचं क्रीडा मंडळ १९२८ पासूनचं. महेंद्रसिंग धोनी खरगपूरला तिकीट तपासत होता, हे सगळ्यांना माहीत आहे. आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत नेमबाजी करत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळालं, आणि रेल्वेने त्याला क्रीडा विभागात विशेष अधिकारी केलं. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या शॉपमध्ये पेढे वाटले ते एका बिहारी सहकाऱ्याने, कारण तो म्हणाला, “आपके कोल्हापुर का है, पर हमारे रेलवे का भी तो है.” चटकन खरं वाटलं मला ते.

पण इथे एक अडचण सांगतो. क्रीडा कोट्यातली नोकरी मिळते ती पदक मिळवणाऱ्याला. जिल्ह्यात दुसरी आलेली मुलगी, राज्यात उपांत्य फेरीत हरलेली जोडी, यांना काही नाही. आणि खेळणाऱ्या मुलांत बहुसंख्य अशीच असतात. त्यांच्यासाठी पूर्वी दरवाजा बंद होता. आता क्रीडा व्यवस्थापन, क्रीडा वैद्यक, फिजिओथेरपी, सामन्यांचं आकडेशास्त्र, असे अभ्यासक्रम निघाले आहेत. खेळलेल्या मुलाला हे शिकवलं तर तो न खेळलेल्यापेक्षा पुढे जाईल, असं मला वाटतं, कारण त्याला कोर्टवर उभं राहिल्यावर घसा कसा कोरडा पडतो ते माहीत असतं. मात्र इंजिनिअरिंगइतक्या नोकऱ्या तिथे आजही नाहीत. समोर बसलेल्या मातांच्या चेहऱ्यावर जे लिहिलंय ते मला वाचता येतंय. आमच्या घरातही तेच लिहिलेलं आहे.

आमच्या घरी काय ठरलं, असं कोणी विचारेल म्हणून सांगून टाकतो. पूर्ण काही ठरलेलं नाही. रॅकेट माळ्यावर गेलेली नाही. सकाळचा सराव चालू आहे, संध्याकाळचा क्लासही चालू आहे, आणि मार्चपर्यंत असंच चालवायचं असं तिघांत ठरलं आहे. तिची जोडीदार एक सरदारांची मुलगी आहे, तीही अकरावीत. तिच्या घरीही हेच भांडण चालू आहे. दोघींनी आपापल्या आईवडिलांना एकाच दिवशी एकत्र बसवावं, असा त्यांचा बेत दिसतो. म्हणजे वाटाघाटी सुरू झाल्या!

जाता जाता मंडळाच्या वतीने एक सूचना. उत्सवातल्या क्रीडा स्पर्धांत यंदा बॅडमिंटनची एकेरी ठेवलेली नाही, फक्त दुहेरी आहे. दोन गट, सोळा वर्षांखालील आणि खुला. जोडीदार आपण निवडायचा नाही, चिठ्ठी टाकून ठरेल. काका-पुतण्या येऊ शकतात, अधिकारी-फिटर येऊ शकतात, सासू-सूनही येऊ शकतात. रविवारी सकाळी सात वाजता कोर्टवर हजर राहावं. शटल मंडळाचे, रॅकेट आपापल्या. नावं आरतीनंतर चिटणीसांकडे द्यावीत, ते मागे डाव्या हाताला, प्रसादाच्या टेबलाशी उभे आहेत.

गणपती बाप्पा मोरया!